साठ किलो कांदा, एक हात

२ मार्च, रविवार

ही वही मोनालीनं दिवाळीत आणून दिल्ती. "आई, डाव्या हातानं रोज दहा ओळी लिही, हात बसतो," म्हणली. चार महिने कोरीच पडून होती. आज राग आलाय म्हणून उघडली. अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आलंय, पण वाचायचं तर मलाच आहे.

आज विहारात चौदा एप्रिलच्या जेवणाची बैठक होती. वडीगोद्रीत जयंतीचं जेवण बावीस वर्षं मी रांधते. सहाशे माणूस जेवतं. रस्सा, येसराची म्हणजे भाजल्या मसाला-पिठाची आमटी, मसालेभात. बुंदी तेवढी बाहेरून. गेल्या दसऱ्याच्या आधी शाळेत खिचडीचं पातेलं उतरवताना ओल्या फरशीवर पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. आत स्टीलची पट्टी बसवली. तीन बोटं मिटतच न्हाईत. शाळेची खिचडी आता नंदाबाई करते, मी तांदूळ निवडते आणि पोरांना वाढते.

यंदा कमिटीचा अध्यक्ष राजानंद आहे. माझ्या दिराचा पोरगा, रोडवर मोबाईलचं दुकान. तो म्हणाला, "काकू, यंदा जालन्याचा केटरर सांगू. तुम्ही आता आराम करा. स्टेजवर खुर्ची टाकतो तुम्हाला."

मी म्हणलं, "खुर्चीवर हार घालून फोटो ठेवतात. मी अजून जित्ती आहे."

"तसं न्हाई काकू. साठ किलो कांदा लागतो. तुमच्यानं एक तरी कापला जातो का?"

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. तेरा तारखेला सगळ्यांना रात्री बाराच्या फटाक्याला जायचं असतं, आमची जाऊ गेल्यापासून सहा वर्षं कांद्याला मी एकटीच बसते. तवा कुणी विचारलं न्हाई कोण कापतं म्हणून. आत्ताच बरी आठवण झाली! उठून उभी राह्यले आणि सगळ्यांसमोर बोलले, "साठ किलो मीच कापणार. दुसऱ्याच्या हातानं कापलेला एक जरी कांदा माझ्या पातेल्यात पडला, तर पळी मी स्वतः खाली ठेवीन. परत हात लावणार न्हाई."

नंदाबाईनं मागून चिमटा काढला. पण बाण सुटल्ता. राजानंद म्हणाला, "बरं. तीस मार्चला आम्हाला पाच जणांना जेवू घाला. मंग केटररचं ठरवू."

तातेराव शेजारीच बसले होते. आमचे हे. (वहीत नाव लिहायला कुणाची चोरी आहे?) स्टँडजवळ शिलाईचं दुकान आहे यांचं. बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं का? छे. ओठाला टीप मारल्यासारखे गप.

३ मार्च

सकाळी अर्धा तास इळीवर बसले. तीन कांदे झाले. तीन! डाव्या हातानं धरायचा, उजव्या तळव्यानं वरून दाबायचा. दोनदा निसटून न्हाणीपर्यंत गेला. रडले. कांद्यानं न्हाई, उगं कांद्यावर कशाला ढकलू.

मंग चहा पिताना आई आठवली. माझं माहेर हसनाबाद. आई उन्हाळ्यात पांढरा कांदा चिरून माळवदावर वाळवायची आणि पावसाळाभर कालवणात घालायची. तेव्हा डोक्यात लख्ख उजाडलं. एका दिवसात साठ किलो माझ्यानं होणार न्हाई. पण चाळीस दिवसांत? रोज दीड किलो. कापलेला ओला कांदा टिकत न्हाई, वाळलेला टिकतो. हात एकच आहे, पण दिवस चाळीस आहेत माझ्याकडं.

तातेरावांना सांगितलं, पांढऱ्या कांद्याचं पोतं आणा. "बरं," म्हणले. बस, एवढंच.

५ मार्च

आज एक किलो. लिहिते एक, पण पाऊणच असेल. चकत्या एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. जुन्या लुगड्यावर गच्चीत पसरल्या. पातळ कड कुरकुरीत होते आणि जाड कड वल्ली राहते. असू द्या. दोन उन्हं जास्त खाईल.

९ मार्च, रविवार

आज काय झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिणार.

लुगडं अपुरं पडलं. कपाटात निळ्या कपड्याचा नवा ताका होता. कोरा, स्वच्छ. म्हणलं याच्याइतकं चांगलं काय असणार? गुरुवारपासून त्याच्यावरच चकत्या पसरून राह्यले. आज संध्याकाळी पहिल्यांदा गोळा करते तर कांदे निळे! कांद्याच्या पाण्यानं रंग सोडला. एकेक चकती शाईत बुडवून काढल्यासारखी. आणि तो ताका साधा न्हवता, जयंतीच्या निशाणांचा होता. कमिटीनं तातेरावांकडं शिवायला दिल्ता.

नेमका राजानंद निशाणांचं विचारायला आला. गच्चीत येऊन बघितलं आणि पोट धरून हसला. "काकू, तुमचा कांदा तर आत्ताच जयंतीच्या रंगात!" गावभर सांगणार आता. चार दिवसांचा कांदा गेला. शेजारच्या शेळीपुढं टाकला, तिनं पण तोंड फिरवलं.

तातेराव बोलतील म्हणून बसून होते. दोन शब्द बोलले असते तर मी चार बोलले असते, मोकळं झालं असतं. न्हाई बोलले. कपडा बादलीत घातला आणि तीन पाण्यानं धुतला. वास काही जाईना. मंग फक्त विचारलं, "आता रोज किती कापावा लागंल?" म्हणलं, "दोन किलो. आणि मी कापीन." मान हलवली आणि कपडा वाळत घातला.

१२ मार्च

डावा हात कोपरापर्यंत सुजला. मोनालीला फोनवर सांगितलं न्हाई, ती दवाखान्यात नर्स आहे, लगेच भाषण चालू करते. दोन किलोचं ठरवलंय. आज दीड. काल सव्वा. उद्या भरून काढीन.

१६ मार्च

हात बसला! मी म्हणत होते ना! आईच्या चकत्या दुपारपर्यंत वाळून निम्म्या व्हायच्या, चादर मोकळी दिसायची. माझ्या चादरी शाळेतून तीनला येऊन बघते तर भरलेल्याच. सकाळी कापताना वाटत न्हाई, पण बराच होत असणार. काही काही चकत्या तर कागदासारख्या पातळ आल्यात. डावा हात आहे का मशीन!

तातेरावांचे डोळे लाल दिसून राह्यले. म्हणलं, जालन्याला दाखवून या. "मशीनचा धुरळा जातो," म्हणले. तीस वर्षं गेला न्हाई, आत्ताच बरा जाऊन राह्यला.

१९ मार्च

कांद्याचं पोतं तळाला गेलं, दुसरं आणायला सांगितलं. माझ्या अंदाजानं अजून अर्धं पाहिजे होतं. उंदीर लागलेत. पिंजरा लावला. नंदाबाई म्हणते उंदीर कांदा खात न्हाई. आमचे खातात.

तिचीच दुसरी तक्रार. ब्लाउज दोन हप्ते झाले शिवून मिळाला न्हाई, दुपारी दुकानाला कुलूप असतं म्हणे. घरी विचारलं तर म्हणले, "गिऱ्हाईक नसतं दुपारी." जयंती तोंडावर, लग्नसराई चालू, आणि गिऱ्हाईक नसतं! कुठं पत्ते कुटत बसतात कुणास ठाऊक. बायको इथं एका हातानं झुंजून राह्यली आणि यांना दुपारची झोप.

२३ मार्च, रविवार

मैमूनाआपाकडं गेल्ते. मशिदीच्या बोळात राहतात, लग्नातल्या बिर्याणीच्या देगी उतरवतात. भातावर पेरायचा कुरकुरीत कांदा यांच्यासारखा कुणाचा न्हाई. वाळलेल्या चकत्यांचा डबा, मिक्सरमधून काढलेली भुकटी आणि काल केलेली आमटी घेऊन गेले. त्यांचा रोजा चालू, चाखणार कशा? म्हणल्या, "चखती नहीं, वास घेके बोलती."

आमटीचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं. "भुकटी गरम तेल में डाली ना?" घातल्तीच. तेलात पडल्या पडल्या काळी झाली आणि आमटी कडू झाली. तातेरावांनी मुकाट्यानं दोन वाट्या खाल्ल्या म्हणून मला वाटलं चांगली झाली.

मंग त्यांनी नीट समजावलं. रस्स्याला चकत्या. आधी कोमट पाण्यात फुगवायच्या, पिळून तेलात परतायच्या, आणि ते पाणी फेकायचं न्हाई, रस्स्यातच घालायचं, गोडी त्याच्यात असते. आमटीला भुकटी, पण येसरासोबत गार पाण्यात कालवून, उकळी आल्यावर. आणि भाताला चकती कोरडीच, मंद तेलात, डोळा न हलवता. ओल्या कांद्याला तळायला वेळ लागतो, वाळलेला एका श्वासात जळतो. रंग यायच्या आधीच उपसायचा, बाहेर त्याचा त्याला रंग येतो. गरम असताना झाकायचा न्हाई.

तळायला चकत्या निवडताना त्यांनी दोन ढीग केले. एक जाड-पातळ, वेड्यावाकड्या. एक पातळ, सगळ्या सारख्या.

"ये किसने काटे?"

"मीच."

"और ये?"

"ते पण मीच. सकाळी हात ताजा असतो ना, तवाच्या."

आपांनी दोन्ही ढीग परत बघितले. मंग हसल्या आणि म्हणल्या, "तळने कू ये पतले लेव. नसीबवाली है तू." मोडक्या मनगटाच्या बाईला नशीबवान म्हणायचं म्हणजे काय? रोज्यानं डोकं हलकं झालं असेल.

३० मार्च, रविवार

पाच जण जेवून गेले. भाताचा पहिला कांदा जाळला, फेकला, दुसरा तळला. तो जमला.

राजानंद आला तोच तोंड वाकडं करून. "वाळलेला कांदा म्हणजे पाकिटातल्या मसाल्यासारखा लागणार," म्हणाला. रस्सा घेतला, परत घेतला. आमटी वाटीनं प्याला. भातावरचा कांदा तर वेचून खाल्ला, आणि शेजारच्याच्या ताटातला पण. मी विचारलं, "कसं?" म्हणाला, "बरं आहे." तिसऱ्यांदा भात घेताना परत विचारलं, "कसं?" तवा म्हणाला, "काकू, केटररला न्हाई सांगतो."

"न्हाई सांगतो" ऐकून भांडी घासताना गाणं म्हणलं. तातेराव म्हणले, "अजून पंधरा दिवस आहेत." नवरा आहे का मीठ? आनंदात पण खारटच.

१ एप्रिल

काल ईद झाली. आपांनी शीरखुर्मा पाठवला आणि निरोप, आता रोजे संपले, कांदा चाखायला पाठव. पाठवला. फहीम, त्यांचा मुलगा, डबा परत घेऊन आला. रिकामा. निरोप काहीच न्हाई. रिकामा डबा म्हणजे पास.

११ एप्रिल

आज शेवटचा कांदा कापला. इळी धुवून भिंतीला लावली. सगळं वजन केलं. माझ्या अंदाजानं पाच, लई झालं तर सहा किलो वाळलेला निघायला पाहिजे होता. भरला नऊ.

मोनालीला फोनवर सांगितलं, ऊन चांगलं पडलं म्हणून जास्त भरला. ती म्हणली, "आई, ऊन चांगलं पडलं तर वजन कमी होतं. जास्त कसं होईल?"

"तू शिकली म्हणून मला कांदा शिकवू नको," म्हणलं आणि ठेवला फोन. पण डोक्यात किडा सोडून गेली कार्टी.

१५ एप्रिल, सकाळ

काल हात उचलत न्हवता, आज कालचं लिहिते. सगळं लिहिते, लपवायचं काही न्हाई.

पहाटे विहाराच्या मागं चुली पेटवल्या. नंदाबाई, तिची सून आकांक्षा आणि मी. वर दोऱ्यांना निशाणं फडफडून राह्यली होती आणि वाऱ्यासोबत सगळ्या अंगणात कांद्याचा बारीक वास. कपडा तीन पाण्यानं धुतला तरी. येणारा जाणारा म्हणे, वा, कांदा परतून राह्यल्या वाटतं. आणि तेल अजून तापलं पण न्हवतं.

मोठ्या टोपात कोमट पाणी घेतलं आणि रस्स्याच्या चकत्या ओतल्या. वाळलेला कांदा ढिगात सगळा सारखाच दिसतो, गोळा झालेला, सुरकुतलेला. आपांसारखा मी कुठं एकेक निवडून बघितला होता? तीस मार्चला पण मूठभर फुगवला, घाईत पिळला आणि तेलात टाकला. अर्ध्या तासानं झाकण काढलं. कांदा फुगून उघडला होता. हातात घेतला आणि बघतच राह्यले.

माझी चकती मी ओळखते. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ, मधी तुटलेली. तशा होत्या. पण त्याच्याहून जास्त दुसऱ्या होत्या. पातळ, एकसारख्या, कड अशी सरळ की खडूनं रेघ मारून कापल्यात. असं सरळ कापणारा माणूस वडीगोद्रीत एकच आहे. तीस वर्षं कपडा कापून राह्यलाय.

लाल डोळे. दुकानाला कुलूप. उंदीर! अगं बाई, पिंजरा लावला मी! तीन वाजता भरलेल्या चादरी. सगळं एकदम उलगडलं आणि पदर डोळ्याला लावला. नंदाबाई म्हणली, "काय झालं?" म्हणलं, "धूर गेला."

काय करायचं? सहाशे माणूस यायचं होतं. माझ्या शब्दाप्रमाणं पळी तिथंच खाली ठेवायला पाहिजे होती. ठेवली असती तर लोक उपाशी. असं तर मी मेल्यावर पण करणार न्हाई. म्हणलं, आधी रांधू. मंग बघू.

रांधलं. लिहिताना माज वाटला तर वाटू दे, पण असा रस्सा बावीस वर्षांत झाला न्हवता. कांद्याचं पाणी घातलं आणि रस्सा असा लालभडक, दाट आला की आकांक्षानं फोटो काढला. भाताला कांदा तळायला मैमूनाआपा स्वतः आल्या, म्हणल्या, "नजर मेरी, झारा तेरा." डाव्या हातानं उपसला सगळा. एक चकती जळाली न्हाई.

दोन पंगती उठल्या. राजानंदनं माईक घेतला. "आपल्या सत्यशीलाकाकूंनी एका हातानं, कुणाची मदत न घेता, साठ किलो कांदा..." टाळ्या चालू झाल्या. मला तिथं उभं राहवेना. गप बसले असते तर कुणाला कळणार होतं? कुणाला न्हाई. पण त्या टाळ्यांतल्या अर्ध्या माझ्या न्हवत्या, आणि दुसऱ्याचं मी आजवर ताटातलं मीठ पण उचललं न्हाई.

पळी हातात तशीच, स्टेजवर गेले. माईक ओढून घेतला. "खोटं आहे," म्हणलं. "निम्म्याच्या वर कांदा माझ्या नवऱ्यानं कापलाय. मला न सांगता, माझ्या पाठीमागं, रोज दुपारी दुकान बंद करून. मला आज फुगलेल्या कांद्यात कळलं. मी सगळ्यांसमोर शब्द दिल्ता. शब्द मोडला. ही पळी." आणि स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, खाली ठेवली.

टाळ्या थांबल्या. तातेराव पाण्याच्या टाकीजवळ पेले धुवून राह्यले होते. मान खाली. पहिल्यांदा बघितलं, डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. निळी.

मंग मागून नंदाबाई ओरडली, "पळी मंग ठेवा बाई, तिसरी पंगत बसली, भात कोण वाढणार!"

लोक हसले. पण पळी मी उचलली न्हाई. ताटलीनं वाढला भात.

घरी येताना विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर कापू दिला असता का?"

"इळी फेकून मारली असती."

"म्हणून न्हाई सांगितलं."

"आणि बैठकीत गप का बसलात? एक शब्द बोलला असतात माझ्या बाजूनं."

मंग म्हणले, "मला बोलता कुठं येतं? कापता येतं."

रस्त्यात रडले मी. भर रस्त्यात, हायवेच्या कडेला. लाज काय त्याची.

१५ एप्रिल, दुपार

राजानंद आल्ता. पळी घासून, पुसून, कागदात गुंडाळून. म्हणाला, "काकू, कमिटीनं ठरवलं. पळी तुमचीच."

म्हणलं, "कमिटी कोण ठरवणार? मी ठेवली म्हणजे ठेवली."

त्याचं तोंड उतरलं. उंबऱ्यात उभा राह्यला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी माझ्या दारात पळी घेऊन उभं होतं. जरा वेळ उभं राहू दिलं, खोटं कशाला बोलू.

"एका अटीवर उचलते," म्हणलं. "एकटीनं कापायचा शब्द माझा चुकला. तसला शब्द आता देणार न्हाई आणि कुणी मागायचा पण न्हाई. पुढच्या मार्चपासून कांदा घराघरात जाईल. गडीमाणसांनी कापायचा. पहिला अध्यक्षानं."

"काकू, मला इळीवर बसता येत न्हाई."

"मला डाव्या हातानं लिहिता येत न्हवतं. बस."

तातेरावांनी भिंतीची इळी काढून दिली आणि रोजच्या कालवणाचे चार कांदे. राजानंद बसला. दुसऱ्याच कांद्याला डोळ्यातून धारा. दारात नंदाबाई हसून राह्यली होती, ती ब्लाउज न्यायला आल्ती. तातेराव म्हणले, "जाड झाली चकती." मी म्हणलं, "असू द्या. माझी पण तशीच व्हायची." आणि पळी खुंटीला लावली.